वचनं तोंडपाठ, तरी खोटं बोलतो

"मॅडम, आत्म्याची नऊ फळं त्याला एका दमात म्हणता येतात. आणि शब्बाथ शाळेच्या अर्पणाचे पैसे तो खाऊवर उडवतो. विचारलं तर धडधडीत खोटं बोलतो." दहा वर्षांच्या मुलाची ही आई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आत्म्याची नऊ फळं म्हणजे बायबलात सांगितलेले प्रेम, सहनशीलता, विश्वासूपणा असे नऊ गुण; शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमधली मुलांची धर्मशिक्षणाची शाळा. तिला पुस्तकांची यादी हवी होती: विश्वासूपणासाठी कुठली गोष्ट, सहनशीलतेसाठी कुठली. ख्रिस्ती घरांतून ही मागणी माझ्याकडे वरचेवर येते.

घरी वाचन होतच होतं. रोज रात्री गोष्ट, आणि ती संपली की आईचा प्रश्न, "मग यातून काय शिकलास?" मुलगा हवं ते उत्तर द्यायचा आणि झोपायचा. मी त्याच्याशी एकट्याशी बोलले, तेव्हा तो म्हणाला, "गोष्टीतली मुलं आधीपासूनच चांगली असतात." चोरी करून पकडल्या गेलेल्या मुलाला त्या गोष्टींत स्वतःसाठी जागाच दिसत नव्हती.

यादी मी दिली नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) या कादंबरीचा सुरुवातीचा भाग आईनं स्वतः वाचावा आणि त्याला तोंडी सांगावा, एवढंच सुचवलं. पावाच्या चोरीपासून सुरू झालेली जाँ व्हालजाँची शिक्षा, पळून जायच्या प्रयत्नांमुळे वाढत वाढत १९ वर्षांची झालेली. सुटल्यावर त्याला कुणी दारात उभं करत नाही. बिशप मिरिएल जेवू घालतात, झोपायला पलंग देतात. रात्री तो त्यांचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला धरून आणतात, तर बिशप म्हणतात, भांडी मीच दिली होती, आणि वर चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्याही देतात.

पुष्कळ पालक इथं थांबतात. क्षमा मिळाली, माणूस सुधारला, गोष्ट संपली. मी आईला बजावलं, पुढचं गाळू नका. एवढी क्षमा मिळाल्यावरही व्हालजाँ रानात एका लहान मुलाचं चाळीस सूंचं (सू हे जुनं फ्रेंच चलन) नाणं पायाखाली दाबून ठेवतो. प्तीत जेर्व्हे नावाचा तो मुलगा साधारण दहाच वर्षांचा. तो रडत निघून जातो, आणि मग व्हालजाँला आपण काय केलं ते उमगतं. तो हाका मारत फिरतो, मुलगा सापडत नाही. वाटेत भेटलेल्या धर्मगुरूजवळ गरिबांसाठी पैसे देतो आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रडतो. पश्चात्ताप म्हणजे काय, हे मुलाला समजावायला मला याहून चांगला प्रसंग माहीत नाही. आधी कृपा, मग पुन्हा पडणं, मग रडणं. आपल्या विश्वासातला क्रमही हाच आहे. मुलांना मात्र आपण आधी चांगलं वागायला सांगतो आणि प्रेम त्यावर अवलंबून असल्यासारखं दाखवतो.

मुलानं दोन प्रश्न विचारले. पहिला, "मग बिशप पोलिसांशी खोटं बोलले ना?" आई घाबरली, मला फोन आला. मी म्हटलं, उत्तर देऊ नका, त्यालाच विचारा. त्याचं म्हणणं असं पडलं, की मी स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, ते दुसऱ्याला वाचवायला बोलले. तरी ते खोटंच. यावर मायलेकांचा बराच वाद झाला. नऊ फळं पाठ करताना असा वाद कधी झाला नव्हता.

दुसरा प्रश्न काही दिवसांनी आला. "ज्याचे घेतले तो सापडलाच नाही तर पैसे कसे परत करायचे?" आईनं या वेळी उपदेश केला नाही. "तुझ्याकडे कुणाचे आहेत का?" एवढंच विचारलं. अर्पणाचं त्यानं आपण होऊन सांगितलं, आणि खाऊच्या पैशातून थोडं थोडं दानपेटीत टाकायचं ठरलं.

खोटं बोलणं एकदम थांबलेलं नाही. आई अजून मधूनमधून यादी मागते. नाताळासाठी मी तिला टॉलस्टॉयची, ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्या मार्टिन चांभाराची गोष्ट (१८८५) सुचवली आहे. ती एका बैठकीत वाचून होते. अट तीच: वाचून झाल्यावर पहिला प्रश्न मुलानं विचारायचा.