टोळांनी खाल्लेली वर्षं

सांगली, रविवार संध्याकाळ

प्रिय पोरा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अवकाळीनं तासगावची द्राक्षबाग गेली. त्यात सभेतल्या पाहुण्या वक्त्यानं सांगितलं, बायबलमधलं योएल 2:25 धरा ('टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करीन'), विश्वासानं दान पेरा, वर्षाच्या आत दुप्पट परत येईल. आणि तू सोसायटीच्या कर्जातले पैसे द्यायला निघालास! थांब जरा. आधी यिर्मया संदेष्ट्याचा 28 वा अध्याय काढ.

तिथं हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, तिकडं नेलेली मंदिराची भांडी आणि माणसं परत येतील. यिर्मया त्यावर आधी 'आमेन' म्हणतो. मला हे फार आवडतं. त्यालाही तसंच व्हायला हवं होतं, फक्त देवानं तसं सांगितलेलं नव्हतं. पुढच्याच अध्यायात तो बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र धाडतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं मागा, 70 वर्षं लागतील. आपल्याकडं घरोघरी 29:11 ची फ्रेम असते, देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, ती. 10 वं वचन, ज्यात ही 70 वर्षं आहेत, ते टांगलेलं मी कुठं पाहिलं नाही.

याच यिर्मयानं यरुशलेमला वेढा पडलेला असताना, स्वतः चौकीच्या अंगणात कैदेत असताना, अनाथोथचं शेत विकत घेतलं. 17 शेकेल रुपं मोजून दिलं. आजच्या हिशेबात साधारण 200 ग्रॅम चांदी. साक्षीदार, मोहोर, दोन प्रतींचं खरेदीखत, आणि ते मडक्यात ठेवायला दिलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. पुढं लोकांनी त्याला मिसरात नेलं. त्या शेतात त्यानं कधी नांगर धरल्याचा उल्लेख नाही.

आणि परतणं झालं ते कसं? इ.स.पू. 538 च्या सुमारास कोरेश राजानं परवानगी दिली, मंदिर पुरं व्हायला 516 उजाडलं. पाया घातला तेव्हा बाबेलनं पाडलेलं पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले. रडणं कुठलं, जल्लोष कुठला, ओळखू येईना (एज्रा 3). 2019 च्या पुरानंतर आम्ही घर रंगवलं. लोक म्हणाले, आधीपेक्षा छान झालं. पण आईचं पवित्र शास्त्र भिजून गेलं होतं, पानं अजून चिकटलेली आहेत. त्या म्हाताऱ्यांचं रडणं मला तेव्हा कळलं.

आता योएल. त्या वचनात पीक परत देईन असं नाही, वर्षांची भरपाई करीन असं आहे. मूळ इब्री शब्द निर्गम 22 मधलाच: दुसऱ्याचं शेत जाळलं तर भरून द्यायचं, तो. आणि टोळांना देव 'माझं सैन्य' म्हणतो. म्हणजे नुकसान कुणाच्या हातून झालं हे तो लपवत नाही आणि भरपाईही स्वतःच्या अंगावर घेतो. यात तू आधी हप्ता भरायचा असं कुठंय? त्याआधी त्यानं मागितलंय ते मनापासून वळणं. वस्त्रं नव्हे, हृदय फाडा, असं.

ख्रिस्ती माणसानं प्रेषितांची कृत्ये 15 सोडू नये. यरुशलेमच्या सभेत याकोब आमोसाचं वचन काढतो: दावीदाचा पडलेला डेरा पुन्हा उभारीन. कशासाठी? उरलेल्या माणसांनी, परराष्ट्रीयांनी, प्रभूला शोधावं म्हणून. त्या डेऱ्यात ज्यांचं कधीच काही नव्हतं, ते आत आले. कृष्णाकाठची तुझी-माझी घराणी त्यांतलीच. आपल्याला 'परत' असं काय मिळालं? जे मिळालं ते पहिल्यांदाच. बाकी सगळं येशूच्या येण्यापर्यंत उधार आहे. पेत्रानं कृत्ये 3:21 मध्ये तसंच म्हटलंय.

बाबा ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) तोडून बाग पुन्हा उभी करू म्हणतात, तर त्यांना अडवू नकोस. एप्रिलची खरड छाटणी वेळेवर होऊ दे. दानाचे ते पैसे आहेत तिथंच ठेव.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर थांब. येताना सातबारा आणि सोसायटीचे कागद आण, हप्त्यांचं बसून बघू. काकू जेवायलाच ये म्हणतात.

तुझा,
काका