नाना लोभी नाहीत

प्रश्न: माझे सासरे, नाना, इथल्या सरकारी छपाईच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. परदेशातल्या एका वकिलाची त्यांना ईमेल आली की बेवारस ठेव तुमच्या नावावर करतो. आधी प्रोसेसिंग फी, मग टॅक्स क्लिअरन्स, असे १ लाख ७५ हजार गेले. आता रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र आलंय, आणखी ४० हजार भरा म्हणून. नाना म्हणतात, "एवढे भरले, आता मागे कसा फिरू?" माझे मिस्टर त्यांना लोभी म्हणाले. तेव्हापासून नाना कुणाशी बोलत नाहीत.
— एक सून, जेलरोड, नाशिकरोड

उत्तर: ताई, ते ४० हजार आजच थांबवा. रिझर्व्ह बँक कुणा व्यक्तीचं खातं ठेवत नाही आणि पैसे सोडवायला फी मागत नाही. पत्र बनावट आहे. नानांनी आयुष्यभर सरकारी छपाई जवळून पाहिली, शिक्क्यावर त्यांचा विश्वास बसणारच.

मी एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर होते. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार तीनदा माझ्याकडे पैसे पाठवायला आले. तिसऱ्या वेळी त्यांचा हात थरथरत होता. मी फॉर्म तपासला, सही जुळवली, पैसे पाठवले. एकदाही विचारलं नाही, "दादा, हे कशाचे?" ते अजून सलतं.

म्हणून सांगते, लोभी हा शब्द मागे घ्यायला लावा. पहिले पैसे आशेने जातात, पुढचे मात्र आधीचे बुडू नयेत म्हणून जातात. आणि घरात लाज वाटली की माणूस लपून भरतो. हा डाव ईमेलच्या आधी टपालाने, फॅक्सने यायचा. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून जगभर त्याला '४१९' म्हणतात. कितीतरी शिकलेली माणसं त्यात अडकलीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. नानांच्या बँकेलाही कळवा. ज्या खात्यांत पैसे गेले, त्यांत काही शिल्लक असेल तर ते गोठवता येतं. उशीर झाला असला तरी तक्रार कराच. ईमेल, पावत्या, खातेक्रमांक काहीही पुसू नका. काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" असा फोन येईल. तोही फी मागेल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

सायबर पोलिसांकडे जाताना फाइल नानांच्याच हातात द्या. तुम्ही शेजारी बसा. तारखा त्यांना पाठ असतील.