एसीएलच्या ऑपरेशननंतर याच क्षेत्रात करिअर करावंसं वाटतंय. स्पोर्ट्स फिजिओ होऊ की बायोमेकॅनिक्स शिकू?

तू बारावी सायन्सला आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. तू लिहिलंयस की कबड्डीत चढाई करताना डाव्या गुडघ्याचा एसीएल (मांडी आणि नडगीच्या हाडांना गुडघ्यात बांधून ठेवणारा अस्थिबंध) फाटला, ऑपरेशनला चार महिने झाले, आणि दोन महिन्यांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे तिला प्रशिक्षक बोलावताहेत. मी बारा वर्षं सांगली-कोल्हापूर भागात फिजिओ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बरेचसे खेळाडू कबड्डीचे आणि कुस्तीचे असतात.

करिअरचं सांगतेच, पण आधी चाचणीचं. जाऊ नकोस. "अजून नाही" हे दोन शब्द समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणता येणं, हा या पेशातला सगळ्यात अवघड भाग आहे. मला तो उशिरा जमला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चढाईपटूला मी साडेपाच महिन्यांत खेळायला सोडलं. दुखत नव्हतं, सूज नव्हती, पळत होता छान. घरचे म्हणाले, प्रशिक्षक म्हणाले, तोही हात जोडून म्हणाला, आणि मी "चालेल" म्हटलं. तिसऱ्या चढाईत त्याने बोनस घेतला, परत फिरायला वळला आणि खाली बसला. जवळपास कुणी नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. त्या दिवशी माझ्याकडे त्याच्या ताकदीचा एकही आकडा लिहिलेला नव्हता. मी अंदाजावर बोलले होते.

आता हे का झालं ते बघ, कारण तुला जे शिकायचंय ते नेमकं इथे आहे. बोनस घेताना एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असतो. सगळा भार त्या एका पायावर, आणि त्याच पायावर ब्रेक मारून मागे वळायचं. अशा वेळी जमिनीकडून येणारी प्रतिक्रिया शरीराच्या वजनाच्या तिप्पट धरू. ७० किलोच्या मुलासाठी साधारण २००० न्यूटन. गुडघा आत झुकला आणि त्या बलाची रेषा गुडघ्याच्या मध्यापासून फक्त ५ सेंटीमीटर बाजूने गेली, तरी १०० न्यूटन-मीटरचं आघूर्ण, म्हणजे गुडघा पिळणारा जोर, तयार होतं. तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातलाच गुणाकार आहे हा, बल गुणिले अंतर. त्यातून मॅटवर रबरी तळाचे बूट. मातीत अनवाणी पाय थोडा घसरतो आणि गुडघा वाचतो, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि पीळ वर जातो.

एसीएल बहुतेक वेळा पाय टेकल्यापासून ४० मिलिसेकंदांच्या आसपास फाटतो, असं दुखापतींच्या व्हिडिओंच्या विश्लेषणातून दिसलंय. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पाय टेकल्यावर सावरू म्हणण्यात अर्थ नाही. मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंनी पाय टेकण्याआधीच तयार असायला हवं, आणि ती सवय महिनोन् महिने लावावी लागते. मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूटिंग केलंस तर ही सगळी घटना जेमतेम दहा फ्रेममध्ये आटोपते. मला अजूनही ते दहा फ्रेम बघताना छातीत धडधडतं.

दुसरी गोष्ट गुडघ्याच्या आत घडते. तुझ्या मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) घेऊन नवा एसीएल बसवला असेल. तो आधी कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या वाढतात आणि हळूहळू त्याचं अस्थिबंधात रूपांतर होतं. तो सगळ्यात नाजूक असतो साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, नेमकं जेव्हा दुखणं थांबतं आणि पेशंटला वाटतं आपण बरे झालो. नॉर्वेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितकी प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीची शक्यता साधारण निम्म्याने घटली. शिवाय नुसते महिने मोजून भागत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांमध्येही तेवढीच बरोबरी हवी. इथे एक फसगत असते: घरी बसून चांगला पायही बारीक झालेला असतो, त्यामुळे टक्केवारी आहे त्याहून छान दिसते. म्हणून मी चांगल्या पायाचे आकडे ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवते.

लवकर परतलेली मोठी माणसं तुला कुणीतरी दाखवेलच. कुस्तीपटू विनेश फोगाटचं गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. पण तिच्यासारख्या खेळाडूचं रोजचं काम हेच असतं. आपल्या बीडचा धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडला, त्याचाही एसीएल फाटला आणि त्या वर्षाची जागतिक स्पर्धा हुकली. त्यांच्या मागे जी माणसं रोज दोन-दोन तास बसतात, त्यातलं एक तुला व्हायचंय का, असा हा प्रश्न आहे. टीव्हीवर बॅग घेऊन मैदानात धावणारा फिजिओ दिसतो, ती मिनिटं फार थोडी. बाकी सगळा वेळ एका खोलीत, एक गुडघा, तोच व्यायाम आणि चिडलेला, रडवेला खेळाडू.

शिक्षणाचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी फिजिओथेरपीची पदवी. महाराष्ट्रात तिच्यासाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते. आजवर ती इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची होती, फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात पाच वर्षांची केली आहे. प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. पुढे दोन वर्षांची स्पोर्ट्सची मास्टर्स. पण पदवीनंतर लगेच करू नकोस. दोन वर्षं साध्या ओपीडीत काढ, कंबरदुखीच्या आज्या आणि अर्धांगवायूचे काका बघ. ज्याला साधी चाल वाचता येत नाही त्याला चढाई काय वाचता येणार?

एमबीबीएस मिळालं तर पुढे स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, जागा मात्र देशभरात मोजक्याच. निव्वळ बायोमेकॅनिक्सची, म्हणजे शरीराच्या हालचालीतली बलं मोजण्याच्या शास्त्राची ओढ असेल, म्हणजे माणसापेक्षा आकडा जास्त आवडत असेल, तर इंजिनिअरिंगमधूनही वाट आहे. आयआयटी मद्रासमध्ये क्रीडाविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. नीरज चोप्राचे प्रशिक्षक राहिलेले क्लाउस बार्टोनिट्झ मुळात बायोमेकॅनिक्सचेच तज्ज्ञ.

पैशांबद्दल खोटं सांगणार नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो. प्रो कबड्डीसारख्या लीगमधलं काम काही महिन्यांच्या करारावर असतं, बाकीचे महिने क्लिनिकच पोट भरतं. क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, खासगी अकादम्या इथे जागा निघतात, पण त्यांच्यामागे लागावं लागतं. तालुक्याच्या गावात मात्र गुडघा बांधून देणारे, चोळून देणारे खूप आणि मोजून सांगणारे फार कमी, हे मी रोज बघते. तिथे तुझी गरज आहे.

एक वही घाल. आजची तारीख टाक. वाटीच्या वरच्या कडेपासून वर दहा सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोज आणि लिही. गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का, सकाळी सूज असते का, तेही. दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागी. उड्या आत्ता मोजायच्या नाहीत. त्या कधी सुरू करायच्या ते तुझा फिजिओ ठरवेल. प्रशिक्षकांनी पुन्हा चाचणीचा विषय काढला की ती वही त्यांच्यासमोर ठेव.