वाचक विचारतात : टंगस्टन भट्टीत वितळवता येईल का?

प्रश्न : आमचा ओतकामाचा लहान कारखाना आहे. भंगारात टंगस्टन हेवी अलॉयचे काही ठोकळे आले आहेत. ते इंडक्शन भट्टीत वितळवून साच्यात ओतता येतील का? नसल्यास त्यांचे काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ओतता येणार नाहीत आणि तसा प्रयत्नही कृपया करू नका. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंड तर सुमारे २८६० अंशांनाच उकळू लागते. ॲल्युमिनाची मूस (धातू वितळवायचे भांडे) २०७२ अंशांना स्वतःच वितळते आणि ग्राफाइटची मूस घेतली, तर तिच्यातला कार्बन टंगस्टनशी संयोग पावून ठिसूळ कार्बाइड तयार होते. शिवाय उघड्या हवेत तापवल्यास धातूवर पिवळा ऑक्साइड चढतो, तो वेगळाच.

मुळात तुमचे ठोकळे ओतीव नाहीतच. त्यांत साधारण ९० ते ९७ टक्के टंगस्टन आणि उरलेले बहुधा निकेल व लोखंड असते. या धातूंची भुकटी एकत्र करून साच्यात दाबतात आणि हायड्रोजनच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या आतबाहेर तापवतात. चिक्कीत गूळ पातळ होतो पण दाणे शाबूत राहतात, तसे येथे निकेल-लोखंड तेवढे वितळते; फरक इतकाच की टंगस्टनचे बारीक कण त्या पाकात थोडे विरघळतात, मोठ्या कणांवर पुन्हा बसतात आणि कण गोलसर होऊन ठोकळा आटून घट्ट होतो. हा ठोकळा पुन्हा तेवढाच तापवला, तर तो पातळ होऊन वाहणार नाही, केवळ बसेल आणि वेडावाकडा होईल.

शुद्ध टंगस्टनची गोष्ट आणखी अवघड आहे. संशोधक विल्यम कूलिज यांनी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९१० च्या सुमारास भुकटीच्या कांड्या तापवून, ठोकून आणि हिऱ्याच्या डायमधून, म्हणजे बारीक भोकातून, ओढून दिव्याची तार काढली, तीही न वितळवताच. इतर धातू घडाईने कडक होत जातात. टंगस्टनला मात्र योग्य तापमानावरील घडाईनेच लवचिकपणा येतो, आणि फार तापवल्यास तो जातो.

तुमच्या ठोकळ्यांना लेथवर कार्बाइडच्या टूलने सावकाश कापता येईल. बिडाच्या कामाची सवय असलेल्या हाताला ते परके वाटणार नाही. त्याआधी ठोकळे खरोखर हेवी अलॉयचेच आहेत ना, याची वजनावरून खात्री करून घ्या : पाच सेंटिमीटर बाजूचा पोलादी घन एक किलोहून किंचित कमी भरतो, हेवी अलॉयचा सव्वादोन किलोच्या आसपास. कापताना निघणारा कीस लोखंडाच्या भंगारात मिसळू न देता वेगळ्या डब्यात ठेवा; टंगस्टन रासायनिक रीतीने परत मिळवणारे व्यावसायिक त्याला लोखंडापेक्षा कितीतरी चांगला भाव देतात.