फवारणीआधी पान उलटून पाहा : किडींच्या नावांविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

भाजीपाल्याच्या लागवडी उरकल्या आणि किडींबद्दलचे फोन, फोटो सुरू झाले. बहुतेकांचा प्रश्न औषधाचा असतो, पण घोळ नावात असतो. गावोगावी एकाच किडीला चार नावे आणि एकाच नावाच्या चार किडी. नुसत्या नावावर मी औषध सांगितले, तर पैसे जातील आणि कीड तिथेच राहील. म्हणून उत्तरांत औषधापेक्षा ओळखीवर जास्त लिहिले आहे.

मिरचीवर बोकड्या आलाय. पांढऱ्या माशीचे औषध दोनदा मारले, फरक नाही. काय मारू?

थांबा, तिसरी फवारणी करू नका. बोकड्या म्हणा, चुरडामुरडा म्हणा की कोकडा म्हणा, ही नावे वाकड्या झालेल्या पानाची आहेत. पान वाकडे करणारे तिघे आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा.

सकाळी कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. पिवळसर, बारीक, सुतासारखे जीव कागदावर पळताना दिसले तर ते फुलकिडे. यांच्यामुळे पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात. फुलेही झटकून पाहा. 2021 च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणात मिरचीचे मोठे नुकसान करणारे काळपट फुलकिडे फुलांतच दडून बसतात, पान पाहून त्यांचा पत्ता लागत नाही.

कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि गडद झाले असेल, देठ लांबला असेल, तर संशय पिवळ्या कोळीवर घ्या. ही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. कोळीला आठ पाय असतात, ती कीटकांत मोडतच नाही. त्यामुळे मावा-तुडतुड्यांवर चालणारी नेहमीची कीटकनाशके तिच्यावर बहुधा निकामी ठरतात; उलट तिला खाणारे मित्रजीव त्यात मरतात आणि ती फोफावते. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 3 ग्रॅम घेऊन फवारा, पण भर उन्हात नको, पाने करपतात.

तिसरा प्रकार विषाणूचा. पाने बारीक, जाडसर, झाड खुजे आणि झुडपासारखे होते. हा रोग पांढरी माशी पसरवते, पण एकदा झाडात शिरला की कोणत्याही फवारणीने बरा होत नाही. अशी झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करा. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, फुलकिड्यांसाठी निळे. सापळ्यावर काय चिकटले आहे ते दर दोन-तीन दिवसांनी पाहिले, तर पुढचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

वांग्यात कोळी झालेत, दोन झाडांमध्ये जाळी दिसते.

झाडांमध्ये ताणलेली, उघड दिसणारी जाळी कोळ्याची, म्हणजे आपल्या घरातल्या कोपऱ्यात असतो त्याच्या जातभाईची. तो पीक खात नाही, किडी खातो. त्याला हात लावू नका. लाल कोळीची जाळी फार बारीक, पानाच्या खालच्या बाजूला चिकटून असते आणि पानावर वरून फिक्के ठिपके पडतात. दोन्ही जीव वेगळे. फवारणी फक्त दुसऱ्यासाठी, तीही खरेच असेल तर.

ठिपक्यांचा लाल भुंगेरा मित्र आहे असे प्रशिक्षणात सांगितले होते. मग माझी वांग्याची पाने जाळीदार कशी झाली?

प्रशिक्षणात सांगितले ते खरे, पण तुमच्या शेतात आहे तो त्याचा भाऊबंद एपिलॅक्ना. मावा खाणारा ढालकिडा चकचकीत असतो. एपिलॅक्नाची पाठ मळकट, तांबूस, बारीक लव असलेली आणि ठिपके पुष्कळ, बहुधा 28. खात्री अळीवरून पटते. मित्राची अळी राखाडी-काळी, नारिंगी डागांची आणि चपळ. शत्रूची पिवळी, अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची आणि सुस्त. पिवळ्या अंड्यांचे पुंजके आणि या काटेरी अळ्या दिसतील ती पाने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. दहा-वीस गुंठ्यांच्या वांग्याला सुरुवातीला एवढे पुरते.

परसबागेतल्या जास्वंदावर पांढरी बुरशी आहे. बुरशीनाशकाने जात नाही.

जाणार नाही, कारण तो पिठ्या ढेकूण आहे. पांढरा पुंजका काडीने दाबा, आतून रस आला तर कीडच. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर शंकाच नको. जास्त लागलेले शेंडे छाटून पिशवीत भरा, बाकी झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. एक मात्र सांभाळा. त्या पुंजक्यांत आकाराने मोठी, लांब पांढऱ्या झिपऱ्या असलेली आणि भराभर चालणारी अळी दिसली, तर ती क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची. ती पिठ्या ढेकूणच खाते. द्राक्षबागायतदार हे भुंगेरे विकत आणून सोडतात. तुमच्याकडे आपणहून आले असतील तर फवारणी अजिबात करू नका.

मक्यावर अमेरिकन अळी आहे, घाटेअळीचा कामगंध सापळा चालेल का?

चालणार नाही. कामगंध सापळ्यातला गंध ठरावीक किडीच्याच नर पतंगांना ओढतो. हरभऱ्यातली घाटेअळी, कपाशीतली हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, तुरीतली शेंगा पोखरणारी आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी ही सगळी एकच कीड आहे. या चारही पिकांत तोच ल्युर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वापरता येतो. मक्याच्या पोंग्यात भुसा पाडणारी अमेरिकन लष्करी अळी वेगळी. ती भारतात 2018 मध्ये आधी कर्नाटकात आढळली आणि मग महाराष्ट्रात पसरली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण असते आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके. ल्युर घेताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगा.

शेणखतात पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या. ही हुमणीच ना? खत टाकू का नको?

हुमणी म्हणजे पिकांची मुळे खाणारी अळी. तिला कुठे उन्नी म्हणतात, कुठे उकरी, तर कुठे थेट खतातली अळी. या शेवटच्या नावानेच गडबड होते, कारण खतात निघणारी प्रत्येक अळी हुमणी नसते. अळी सपाट जमिनीवर ठेवा आणि मिनिटभर पाहा. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरकू लागली, तर ती कुजके खाणारी फुलभुंगेऱ्याची अळी, खताला तिचा उपयोगच होतो. पाठीवर चालत नसेल तर धोका धरून चला. खत उन्हात पातळ पसरा, अळ्या वेचा, कोंबड्या असतील तर सोडा आणि मगच शेतात टाका. तरी शंका राहिली तर दोन-तीन अळ्या थोड्या खतासह डबीत घालून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणा. फोटो पाठवणार असाल तर शेजारी रुपयाचे नाणे ठेवून काढा आणि पीक, त्याचे वय, याआधी काय फवारले हेही लिहा.