चार ट्रान्समीटर लावण्याआधी पायलटचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाण्याखाली आवाजातून डेटा पाठवायचा आहे. २५ किलोहर्ट्झच्या आसपास १० किलोहर्ट्झ बँडविड्थ, ओएफडीएमचे (डेटा अनेक वारंवारतांवर वाटून एकदम पाठवायची पद्धत) १०२४ सबकॅरियर (त्या वारंवारता), क्यूपीएसके (एका सबकॅरियरवर दोन बिट), अर्ध्या दराचं कोडिंग (निम्मे बिट चुका दुरुस्त करायला), २५ मिलिसेकंद गार्ड (प्रतिध्वनी विरायला सोडलेला वेळ). एकाचे दोन ट्रान्समीटर केले, पण डेटाचा दर सव्वापटीच्या थोडा वर जाऊन अडकला. आता चार लावू का?

नका लावू. आधी कागदावर बघा. एक सिम्बॉल (सगळ्या सबकॅरियरवर एकदम पाठवलेला तुकडा) १०२.४ मिलिसेकंदांचा, गार्ड धरून १२७.४. एका ट्रान्समीटरमागे फार तर १०२४ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ८ किलोबिट. (पाण्याखालच्या संदेशांसाठीचं नाटोचं जानुस मानक सेकंदाला ८० बिटांवर चालतं, तेव्हा हेही काही कमी नाही.) शेवटचा प्रतिध्वनी २५ मिलिसेकंदांनी येतो असं धरलं तर चॅनेल (मधल्या पाण्यातली आवाजाची वाट) झाला २५० टॅपचा, म्हणजे दर ०.१ मिलिसेकंदाला एक. तो ओळखायला प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचे तेवढे पायलट (घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला मजकूर नेणारे सबकॅरियर) लागतात. तुम्ही २५६ ठेवलेत, म्हणजे पाव जागा. एकाचा पायलट जिथे, तिथे बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग एका ट्रान्समीटरला ६ किलोबिट, दोघांना ८, तिघांना परत ६ आणि चौघांना शून्य! सगळ्यांची हजेरी घेण्यातच तास संपला.

सुटका आहे. त्या २५० टॅपांपैकी बहुतेक रिकामेच असतात. थेट आलेला आवाज, पृष्ठभागावरून आपटून आलेला, तळावरून आलेला, अशा मोजक्याच वाटा. मॅचिंग परस्यूटसारख्या (सगळ्यात जोरदार वाट आधी, अशा एकेक वेचणाऱ्या) पद्धतीने तेवढ्याच शोधल्या की कितीतरी कमी पायलटांत भागतं. पुढे डीकोड झालेले बिट परत वापरून चॅनेल सुधारायचा, एका ट्रान्समीटरचा वाटा वजा करायचा, दुसरा पुन्हा डीकोड करायचा. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर हायड्रोफोनवर (पाण्याखालच्या मायक्रोफोनवर) करा. दोन ट्रान्समीटरना मी चारपेक्षा कमी लावत नाही. ते उभ्या रांगेत हवेत, आणि अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ३ सेंटिमीटरवर, चिकटवू नका. उथळ पाण्यात सगळे किरण वीसेक अंशांच्या पंख्यात येतात, त्यामुळे निदान १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवा. नाहीतर चारही हायड्रोफोन एकच गोष्ट ऐकतात.

डॉप्लरकडेही (हालचालीमुळे वारंवारता सरकते, त्याकडे) बघा. सबकॅरियरमधलं अंतर जेमतेम ९.८ हर्ट्झ, आणि होडी सेकंदाला अर्धा मीटर वाहिली की ८ हर्ट्झ सरकलेच. आधी रीसॅम्पलिंग (रेकॉर्डिंग ताणून-आवळून ते सरकणं काढणं), मग बाकी सगळं. मी एकदा दोन ट्रान्सड्यूसर (ट्रान्समीटरचा आवाज पाण्यात सोडणारी उपकरणं) दोन वेगळ्या दोऱ्यांना सोडले होते. दोन्ही आपापल्या तालात झुलत होते, त्यामुळे एकाला जुळवलं की दुसरा बिघडे. दुपार गेली, शेवटी दोन्ही एकाच लोखंडी पाइपला आवळले.

तिसरा ट्रान्समीटर घ्यायचाच असेल तर विकत घेण्याआधी एक करा. आहे तोच ट्रान्सड्यूसर तीन खोलींवर ठेवून वेगवेगळ्या डेटाची तीन रेकॉर्डिंग घ्या आणि संगणकावर बेरीज करा. पाणी बेरीजच करतं. फक्त गोंगाटही तिप्पट होईल, तेवढं ध्यानात ठेवा.