उताऱ्याआधी हिशेब

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पॅलेडियम उत्प्रेरकाने अरिल हॅलाइड (बेंझीनच्या कड्याला, म्हणजे अरिल गटाला, क्लोरीन-ब्रोमीनसारखा अणू जोडलेले संयुग) आणि अमोनिया जोडून तू ॲनिलिन करते आहेस. त्याचा उतारा, म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेला वाटा, चाळीस टक्क्यांवर अडला आहे, आता लिगँड (धातूला धरून राहणारा रेणू) बदलू की पॅलेडियम सोडून निकेलकडे वळू, असे तू विचारतेस. उरलेले साठ टक्के गेले कुठे, हे मात्र तू लिहिलेले नाहीस. वहीत टीएलसी प्लेटवरच्या (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांनी वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवरच्या) दुसऱ्या ठिपक्यापुढे नुसते ‘अशुद्धी’ पाहून मला राग आला.

अमोनिया दिसतो साधा. पण तो फॉस्फिनला (फॉस्फरसयुक्त लिगँडला) हुसकावून स्वतः धातूला चिकटतो, आणि तयार झालेले ॲनिलिन बहुधा त्याच्याहून लवकर पुढच्या हॅलाइडशी जुळते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ जॉन हार्टविग यांच्या गटाने २००६ मध्ये धातूला दोन्हीकडून घट्ट धरणारे जोसिफॉस वर्गातील लिगँड वापरले. पुढच्याच वर्षी स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने अमोनियापासून डायअरिलअमाइनही (एका नायट्रोजनवर दोन अरिल गट असलेले संयुग) हेतुपूर्वक मिळवली. तुझी ‘अशुद्धी’ ती हीच असावी.

तेव्हा आधी हिशेब. तो पदार्थ वेगळा कर, वाळव, वजन कर. डायअरिलअमाइनच्या एका रेणूत दोन अरिल गट खर्च होतात. म्हणून हॅलाइडच्या १०० भागांतून ॲनिलिन ४० आणि डायअरिलअमाइन २५ मिळाले, तर ९० भागांचा पत्ता लागला. म्हणजे उत्प्रेरक मेलेला नाही, अमोनिया कमी पडला असावा. डायऑक्सेन या द्रावकातील ०.५ मोलर द्रावणातून पाचपट अमोनिया द्यायचा, तर एक मिलिमोल हॅलाइडला १० मिलिलिटर लागते, तेही बाटली ताजी असेल तर; एप्रिलच्या उकाड्यात दहादा सुई टोचलेल्या सेप्टमखाली (बाटलीच्या रबरी बुचाखाली) ०.५ उरत नाही. हॅलाइडच तसेच पडून असेल, तर मात्र खुशाल लिगँडवर संशय घे.

गुऱ्हाळात गुळव्याची नजर कढईवर येणाऱ्या मळीवर असते. मी दोन वर्षे शुद्धीकरणाच्या कॉलमवरचा दुसरा पट्टा न मोजता टाकून दिला आणि लिगँडमागून लिगँड बदलत राहिलो. गळत होता तो सेप्टम. पुढे ‘सावकाश काम करणारा’ असा शेरा माझ्या वाट्याला आला, पण त्यानंतरचा एकही आकडा मला मागे घ्यावा लागला नाही. हे आत्मसमर्थन वाटत असेल, तर वाटू दे. हिशेब आधी, निकेल नंतर.

सोमवारी टीएलसी प्लेट आणि दोन्ही पदार्थांची वजने घेऊन ये. बाटली कधी उघडली, ती तारीखही हवी. लेबलावर नसेल, तर नवी बाटली मागव.

तुझा,
सर